हलक्या दांड्याची भीती

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. तुमच्या घरातला पंखा खोलीतली हवा खोलीतच घुसळतो. माझे काम वेगळे होते. डोंगराच्या पोटात, जमिनीखाली अठ्ठावीस मीटरवर खोदलेल्या एका लष्करी किल्ल्यात मी बाहेरचा वारा आत ओढत असे आणि पत्र्याच्या लांब नळीतून झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचवत असे. मला वीज लागत नाही. माझ्या कुशीला लोखंडाचा एक दांडा आहे. तो कोणीतरी हाताने फिरवावा लागतो.

आता किल्ला रिकामा आहे. आठवड्यातून दोनदा तिकीट काढून माणसे तो बघायला येतात. मुले धावत माझ्याजवळ येतात, दांडा गरगर फिरवतात आणि म्हणतात, "अरे, किती हलका आहे!" मुले हसतात, आणि माझ्या पात्यांतून भीतीची एक थंड लहर जाते. एवढी वर्षे लोटली, तरी हलका दांडा मला सहन होत नाही. तो का, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तशी चैन मला कधीच पडली नाही, आणि याला कारण माझी घडणच आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. माझे अंग गोगलगायीच्या शंखासारखे वळलेले, आणि शंखाच्या आत बत्तीस पात्यांचे एक चाक. ते चाक बसवण्याआधी एक वयस्क कारागीर ते आसावर ठेवून हलकेच फिरवी आणि हात मागे घेऊन वाट बघे. चाक फिरत फिरत थांबे. तो खडूने खूण करी, पुन्हा फिरवी. चाक पुन्हा त्याच खुणेपाशी थांबले, तर त्या बाजूला वजन जास्त आहे असे समजून तो तिथे कानस चालवी. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी मी दर वेळी वेगळ्या जागी थांबू लागलो, तेव्हा त्याने खडू खिशात टाकला. थांबायला स्वतःची अशी एकही जागा उरली नाही म्हणजेच मी तयार झालो. अस्वस्थता माझ्यात अशी कानशीने घासून भरलेली आहे.

मला किल्ल्यात आणले तेव्हा तिथले सिमेंट अजून ओले होते. ते पुढेही कधी पुरते वाळले नाही. वरच्या जगात झाडे, पायवाट आणि गवताने झाकलेले दोन-तीन उंचवटे तेवढे दिसत. खाली मात्र एक आख्खे गाव श्वास घेत होते. चार डिझेल इंजिने होती, पाण्याची खोल विहीर होती, शंभर माणसांचे स्वयंपाकघर होते, दहा खाटांचा दवाखाना होता, आणि दारूगोळा वाहणारी एक चिमुकली रेल्वे होती. कपडे वाळवण्याची खोलीही होती, पण तिच्यात घातलेले कपडे फक्त कोमट होऊन परत येत. एका खाटेवर पाळीपाळीने तीन माणसे झोपत, म्हणून गादी कधी गार होत नसे. सूर्य नव्हता. घड्याळ सांगेल ती सकाळ.

माझ्याहून मोठे, विजेवर चालणारे पंखे रोजचे काम करत. वीज गेली तर एका बोगद्यातल्या चार झोपण्याच्या खोल्यांना हवा देण्यासाठी मी. त्यामुळे बरेचसे दिवस माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. फिरताना मला घरघर लागे, म्हणून शिपायांनी माझे नाव दमेकरी ठेवले होते. नाव ठेवायला वेळ, तेल घालायला नाही.

तेल घालायचा तो एकटा मिस्त्री. मध्यम वयाचा, कानावर नेहमी पेन्सिल, बोलणे तोलूनमापून. रोज सकाळी नाश्त्याआधी तो माझ्यापाशी येई, बेअरिंगमध्ये तेलाचे सहा थेंब सोडी आणि दांड्याचे शंभर फेरे मारी. मग चारही खोल्यांत जाऊन तो झरोके बघे. हवा जिथून खोलीत येते त्या प्रत्येक झरोक्याच्या जाळीला त्याने एक एक चिंधी बांधली होती. ती त्याने घरून आणली होती, आईच्या जुन्या पांघरुणाची, निळ्या चौकटींची. चिंधी फडफडली म्हणजे हवा येते आहे. किल्ल्यातल्या कोणत्याही नियमपुस्तकात ही चिंधी नव्हती. शिपाई थट्टा करत, की मिस्त्रीने खाली बसल्या बसल्या चार झेंडे फडकवले. तो हसून सोडून देई.

याच किल्ल्यात मिस्त्रीचा धाकटा भाऊ तोफेवर होता. त्याला सगळे धाकटाच म्हणत. तो उंच, तडफदार होता आणि त्याला जमिनीखाली एक क्षण करमत नसे. त्याने वरच्या रस्त्यावरच्या चौकीवर बदली मागितली होती. मोठ्या साहेबांनी मिस्त्रीला बोलावून विचारले, आणि मिस्त्रीने सांगितले की त्याला इथेच राहू द्या. वर तोफगोळे पडतील अशी तेव्हा सगळ्यांना धास्ती होती. आईने निघताना धाकट्याचा हात मिस्त्रीच्या हातात दिला होता. पण बदली कोणी अडवली हे धाकट्याला कळले, आणि एके सकाळी तो माझ्या कोनाड्यात येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही त्याने.

"दादा, तू मला सांभाळलं नाहीस. गाडून ठेवलंस."

मिस्त्री शंभरपैकी साठाव्या फेऱ्यावर होता. तो थांबला नाही. बोलायचे काही सुचत नसले की हातातल्या कामाबद्दल बोलायची त्याची रीत होती. म्हणाला, "जरा धरून बघ हा दांडा. जड लागतो ना? तो असाच लागायला हवा. पाती हवा ढकलतात, तिचं ओझं हाताला लागतं. दांडा जड आहे म्हणजे तिकडे पोरं श्वास घेतायत."

"आणि हलका लागला तर?"

"तर हवा जात नाहीये. पाती नुसतीच फिरतायत."

"तुझं बोलणं तसंच आहे," धाकटा म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर चार महिने दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. जेवणाच्या रांगेत एक पुढे असला तर दुसरा मागे तीन माणसे सोडून उभा राही. धाकट्याची खाट बोगद्याच्या टोकाला, चौथ्या खोलीत होती, अगदी झरोक्याखाली. मिस्त्री रोज सकाळी तिथली चिंधी बघायला जाई आणि इतर खोल्यांतल्यापेक्षा जास्त वेळ बघत उभा राही. हे मला नळीतून कळे. पत्र्याची नळी हवा नेते, तसाच आवाजही आणते. शेवटच्या खोलीतली कूस बदललेली मला ऐकू येई.

युद्ध आले नाही. आला तो सराव. हिवाळ्यात एक दिवस किल्ल्याची सगळी दारे बंद करून, शत्रूने वीज तोडली आहे असे धरून, दहा तास काढायचे होते. वरून एक अधिकारी तपासायला आला. त्याच्या गळ्यात घड्याळ आणि हातात वही. शिपायांनी तासाभरात त्याचे नाव घड्याळ्या ठेवले. त्याचे नियम चोख होते. इंजिने बंद, दुपारच्या जेवणानंतर चूलही बंद. झोपण्याच्या खोल्यांची लोखंडी दारे, ज्यांच्या कडेला रबर असते आणि ज्यांतून वारासुद्धा जात नाही, ती बंद. हुकमाशिवाय एखादे दार उघडले, तर त्या क्षणी किल्ला पडला अशी नोंद व्हायची.

सकाळी दहाला इंजिने थांबली, आणि मला आठवते तेव्हापासून पहिल्यांदा किल्ल्यात शांतता झाली. मग माझा दांडा फिरू लागला. एकेक शिपाई येई, मोठ्याने मोजत शंभर फेरे मारी आणि दांडा पुढच्याच्या हातात देई. सगळी माणसे आपापल्या जागी पहाऱ्यावर होती. फक्त आठ जणांची झोपेची पाळी होती. ती एक वाजता शेवटच्या खोलीत गेली. मिस्त्रीने विचार केला, बाकीच्या तीन खोल्या रिकाम्या, त्यांना हवा कशाला. त्याने त्यांच्या झडपा स्वतःच्या हाताने लावून घेतल्या, म्हणजे सगळी हवा त्या आठ जणांना मिळेल. त्यामुळे दांडा थोडा हलका झालाच. झडपा लावल्या की इतका फरक पडतो हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणूनच पुढे तो आणखी हलका झाला, ते कोणाला खटकले नाही.

मित्रांनो, आता काय घडले ते नीट ऐका. यात कोणी दुष्ट नव्हते. रोज जी हवा येई ती इंजिनांच्या गरम नळांवरून येई. त्या दिवशी मी जी पाठवत होतो ती सरळ बाहेरच्या बर्फावरून येत होती. ती शेवटच्या खोलीत झरोक्यातून उतरून थेट धाकट्याच्या मानेवर पडू लागली. त्याला दोन दिवस कणकण होतीच. तो कुडकुडत होता. स्वयंपाकघरात तेव्हा हुकमाप्रमाणे चूल विझवली जात होती, आणि आचाऱ्याने ओढून काढलेले निखारे राखेच्या पिंपात जायचे होते. आचारी मायाळू माणूस. पोरगा तापाने फणफणतो आहे, हे त्याने जेवण वाढताना पाहिले होते. दार लागण्याआधी त्याने निखारे एका झाकणाच्या डब्यात भरले आणि गुपचूप खोलीत नेऊन ठेवले. जाताना सांगितले की कोणाला बोलू नका, झोपा गपगार.

दार लागले. डब्याचे झाकण उघडले. खोली उबदार होऊ लागली, पण वरून गार वारा पडतच होता. धाकटा उठला, त्याने पांघरुणाची नीट घडी घातली आणि ती झरोक्यात दाबून बसवली.

माझा श्वास त्या घडीला जाऊन थडकला आणि तिथेच थांबला. हे मला कळले, पण सांगणार कसे? पंख्याला दांडा असतो, जीभ नसते. निखाऱ्यांतून जे निघते त्याला रंग नसतो, वास नसतो. बंद खोलीत माणूस आधी जड होतो, मग गाढ झोपतो, आणि मग उठत नाही. नळीतून मला इतका वेळ घोरणे ऐकू येत होते. पांघरुणाने तेही बंद केले. मी नुसता फिरत होतो. बत्तीस पाती, आणि एकाही पात्यावर ओझे नाही.

दांड्यावर तेव्हा पहिलवान होता. अंगाने दांडगा, बोलण्यात चेष्टेखोर. तो एका हाताने फिरवू लागला, मग दोन बोटांनी. म्हणाला की आज दमेकऱ्याचा दमा बरा झालेला दिसतो. सगळे हसले. माझी घरघर खरेच थांबली होती. घड्याळ्यानेही वहीत काहीतरी चांगले लिहिले असावे, कारण त्याने मान डोलावली. माझ्या आयुष्यात माझे इतके कौतुक कधीच झाले नव्हते, आणि त्या कौतुकाच्या एकेका शब्दाने मी आतून हादरत होतो.

दुपारी पावणेतीनला मिस्त्रीची पाळी आली. त्याने दांडा धरला. एक फेरा, दोन फेरे. तिसरा त्याने पुरा केलाच नाही.

"का थांबलास?" घड्याळ्याने विचारले.

"हलका लागतोय."

"मग चांगलंच आहे की. तुझ्या तेलाची करामत."

"तेलानं इतका हलका होत नाही, साहेब. हवा जात नाहीये."

घड्याळ्याने वहीवरून नजर काढली नाही. "सराव संपला की बघ. पाचच तास राहिलेत."

"तिकडे आठ जण झोपलेत."

"दार हुकमानं लागलंय. उघडलंस तर किल्ला पडला असं लिहावं लागेल मला."

"लिहा," मिस्त्री म्हणाला.

त्याने दांडा पहिलवानाच्या हातात दिला, तू फिरवत राहा एवढेच त्याला सांगितले, आणि तो धावला. माझ्यापासून शेवटच्या खोलीपर्यंत एकशे चाळीस पावले आहेत. मी ती पावले नळीच्या पत्र्यातून मोजली. शंभरानंतर त्याचा पाय घसरला, सिमेंट ओलेच होते. मग लोखंडी दाराच्या चाकाचा करकर आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही. त्या काहीच नाहीच्या आत मी आणि पहिलवान दोघेच फिरत होतो. पहिलवान आता विनोद करत नव्हता.

आणि एकाएकी माझ्या पात्यांवर ओझे आले. पूर्ण, भरगच्च, गार हवेचे ओझे. पहिलवानाचा हात अडला. त्याने दुसराही हात लावला.

"जड झाला," तो हळूच म्हणाला. मग घड्याळ्याकडे वळून पुन्हा म्हणाला, "साहेब, जड झाला."

त्याने त्या दिवशी शंभरावर दांडा सोडला नाही. चारशे फेरे मारले. नळीतून मला एक खोकला ऐकू आला, मग दुसरा. मी सात मोजले. आठवा येत नव्हता. मिस्त्रीचा धाकट्याशी बोलणारा आवाज आला, जो मी चार महिन्यांत ऐकला नव्हता. तो धाकट्याला घरातल्या लहानपणच्या नावाने हाका मारत होता. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही, ते त्या दोघांचे आहे. कितीतरी फेऱ्यांनंतर आठवा खोकला आला.

आठही जण वाचले. आचारी दवाखान्याच्या दाराशी बसून राहिला, आणि चौकशीत त्याने डब्याची गोष्ट आपणहून सांगितली. वहीत मात्र नोंद झालीच: दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी किल्ला पडला. हुकूम मोडला म्हणून मिस्त्रीला किल्ल्यातून काढले आणि वर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या भांडाराच्या कामावर पाठवले. वर, उन्हात. धाकट्याला जिथे जायचे होते तिथे.

निघण्याच्या सकाळी मिस्त्री मला तेल घालायला आला. धाकटा आधीच येऊन हत्यारांच्या पेटीवर बसला होता. त्याचे डोके अजून ठणकत होते.

"दादा, ते पांघरूण मीच कोंबलं होतं."

"माहीत आहे. घडी बघितली ना. आई घालते तशी, चार पदरी."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

मिस्त्रीने तेलाचे थेंब मोजले. "बाकीच्या तीन झडपा मी लावल्या होत्या. तेही बोललो नाही मी." मग तेलाचे भांडे त्याने धाकट्याच्या हातात ठेवले. "सहा थेंब. जास्त नको."

धाकट्याने ते भांडे खाली ठेवले नाही. म्हणाला, "वर गेल्यावर ऊन कसं आहे ते कळव."

"तूच ये बघायला. आता मी नाही अडवणार."

पण धाकटा गेला नाही. त्याने तोफ सोडून यंत्रखोलीत काम मागून घेतले आणि नऊ वर्षे रोज सकाळी माझे शंभर फेरे मारले. त्याने एकदाही मोठ्याने मोजले नाही. डोळे मिटून तो फक्त वजन बघत असे.

पुढे तोफा जुन्या झाल्या. इंजिने उचलून नेली, रेल्वेचे रूळ उपटले, आचाऱ्याची भांडीसुद्धा गेली. विहिरीच्या पाण्यावर कोणी वाकेनासे झाले. माझे वजन जास्त आणि भंगारात किंमत कमी, म्हणून मी राहिलो. अंधारात वीस-बावीस वर्षे गेली. माझ्या अंगावर गंजाचे पापुद्रे चढले. मला गंजाची चिंता नव्हती. त्या अंधारात मी सारखा शेवटच्या खोलीचा कानोसा घेत होतो. तिथे कोणी नाही हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असल्याने काळजी थांबते, असे तुम्हाला खरेच वाटते का?

मग दिवे लागले, तिकीटखिडकी आली. मला राखाडी रंग दिला, बेअरिंगमध्ये ग्रीस भरले. वटवाघळे आत येऊ नयेत म्हणून, जिथून मी बाहेरची हवा ओढतो ते तोंड पत्र्याच्या झाकणाने चार स्क्रू मारून बंद केले. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. तेव्हापासून माझा दांडा हलका आहे. तेव्हापासून मुले हसतात.

गेल्या शरदात एक म्हातारा आला, हातात काठी, बरोबर नऊ-दहा वर्षांची नात. पाहुण्यांचा घोळका पुढे गेला, तरी तो माझ्यापाशी रेंगाळला. नातीने दांडा फिरवला.

"आजोबा, हा तर एकदम हलका आहे."

म्हातारा थबकला. त्याने आपला हात तिच्या हातावर ठेवला, डोळे मिटले, एक फेरा फिरवला. तो हात मी ओळखला.

"हलका आहे ना? मग कुठेतरी कोंडलंय," धाकटा म्हणाला.

वाट दाखवणारी मुलगी वटवाघळांचे सांगू लागली. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विनंती केली, फक्त पाच मिनिटे. ती हो म्हणाली. खिशातल्या छोट्या पेचकसाने त्याने चारही स्क्रू काढले. मग नातीला दोन्ही हातांनी फिरवायला सांगून तो बोगद्यातून निघाला, काठी टेकत, एकशे चाळीसहून कितीतरी जास्त पावलांनी. दांडा जड झाला. ती धापा टाकत होती, ओठ दाबून फिरवत होती. माझी घरघर परत आली. आणि खूप वेळाने नळीतून, त्या टोकाहून, त्याचा आवाज आला.

"हलतेय. दादाची चिंधी हलतेय अजून. थांबू नकोस, बाळ."

ती थांबली नाही. तो परत आला तेव्हा त्याने रुमालाने चष्मा पुसला. झाकण पुन्हा लावले गेले, नियमाप्रमाणे. जाताना त्याने सहा थेंब तेल सोडले. बाटली त्याने घरून आणली होती.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. मला रंग देऊ नका, माझ्यासमोर उभे राहून फोटो काढले नाहीत तरी चालेल. पण पुढे मोठे झालात आणि एखाद्या दिवशी हातातले काम अचानक फार सोपे वाटू लागले, सगळे वाहवा करू लागले, तर खूश होण्याआधी जरा थांबा. वजन कुठे गेले ते विचारा. आणि कधी या किल्ल्यात आलात, तर माझा दांडा फिरवून हसू नका. आधी वाट दाखवणाऱ्या त्या मुलीला सांगून झाकण काढायला लावा. मग तुमच्यातल्या एकाला माझ्यापाशी ठेवा, आणि दुसऱ्याला शेवटच्या खोलीत पाठवा. दांड्याचे ओझे हाताला लागेल. तरी फिरवत राहा, तिकडून आवाज येईपर्यंत.